इंगेलची वेगवान खिडकी

नाव: इंगेल ब्रूमान. पद: माहिती-सुशासन मंचावरील व्ह्यू-रचनाकार. कर्तव्य: योग्य माहिती, योग्य व्यक्तीस, किमान विलंबाने उपलब्ध करून देणे. वर्तणूक: समाधानकारक.

व्ह्यू म्हणजे रहिवाशांच्या अवाढव्य नोंदसाठ्याला पाडलेली खिडकी. ज्याला जेवढं बघायचा अधिकार, तेवढंच त्यातून दिसावं. उत्तर स्वीडनमधल्या आमच्या नगरपालिकेत शाळेच्या बसमार्गांसाठी अशी एक खिडकी होती आणि ती उघडेपर्यंत कॉफी निवायची. इंगेलने तोड काढली. दर वेळी मूळ साठा धुंडाळायचा नाही. सोमवारी सकाळी एक नक्कल काढायची आणि आठवडाभर तीच दाखवायची. मुलं काही रोज घर बदलत नाहीत, असं बैठकीत सर्वानुमते ठरलं. आमच्याकडे सगळंच सर्वानुमते ठरतं, त्यामुळे चूक कुणा एकाची नसते.

बुधवारी सकाळच्या कॉफीला तिच्या सन्मानार्थ हिरव्या मार्झिपानचा केक आला.

"बोल की गं काहीतरी!"

"खा. काम न करायला आता सबब उरली नाही तुम्हाला," इंगेल म्हणाली.

बसमार्ग आखणारा येर्केर दुसरा तुकडा कापत होता. "आमची बायको, अ‍ॅनेली, लेकीला घेऊन गेली ना, कालपासून कोर्टाने तिचा पत्ताच झाकून टाकलाय. बापापासून! आता काय बोलायचं?"

त्याने तुकडा बशीत ओढला.

"तुझी खिडकी मात्र झकास, इंगेल. बटण दाबलं की पोर कुठं राहतं ते समोर."

इंगेलने बशी खाली ठेवली. पत्ता झाकला काल, मंगळवारी. नक्कल सोमवारची.

ती उठली ती थेट विभागप्रमुख गोरेलकडे. खिडकी बंद करायची तर हिची संमती लागते.

"आत्ता बंद? अगं, बसवाल्यांचं काय? उद्या बसू, सगळ्यांचं ऐकून घेऊ."

"उद्या नाही, गोरेल. त्याचा केक संपायच्या आत."

"कुणाचा?"

नाव घेतलं तर तोही गोपनीयतेचा भंग. इंगेल जागेवर परतली आणि संमतीविना खिडकी बंद केली. पासवर्ड दोनदा चुकला. मग तिने आज ही खिडकी कुणी उघडली ते पाहिलं. येर्केरने, कॉफीच्या आधीच. मार्ग एकही पाहिला नव्हता. पुन्हा पुन्हा एकच मुलगी.

तिने समाजकल्याण विभागाला फोन लावला. काचेपलीकडे येर्केर नियमाप्रमाणे स्वतःचा कप विसळत होता. पलीकडून कुणी फोन उचलेपर्यंत तो कप जाळीवर पालथा पडला होता आणि खुंटीवर त्याचा कोट नव्हता.

"लवकर," इंगेल फोनमध्ये म्हणाली. "तो निघालाय."

घटनेचा अहवाल पुढे सर्वानुमते मंजूर झाला: 'माहितीच्या ताजेपणात अल्पकालीन तफावत. नागरिकांवरील परिणाम: नगण्य.'

त्या बुधवारी समाजकल्याणचा फोन येताच अ‍ॅनेलीने लेकीला वर्गातून उचललं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडलं.