कळवतो म्हणजे नाही

धरणाच्या पाण्यावर सकाळी धुकं असलं की पलीकडचा डोंगर नसतोच. ऊन चढेल तसा तो सावकाश येतो, आधी माथा, मग कडे, मग पायथ्याची भातखाचरं. नोकरी गेल्यानंतरचे ते दिवस मला असेच आठवतात, अर्धे पुसलेले. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीने एका दुपारी आमची अख्खी टीम घरी पाठवली आणि मी तिथला फ्लॅट सोडून मुळशीत एका शेतकरी घराची मागची खोली भाड्याने घेतली. शांतपणे नोकरी शोधता येईल, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला कुणी ओळखीचं भेटायला नको होतं.

तिथे दिवस कसे सरायचे, देव जाणे. खाचरांतला आंबेमोहोर भात फुलोऱ्यात आला होता. वारा सुटला की तो वास खिडकीतून थेट लॅपटॉपपर्यंत यायचा आणि मी अर्ज भरता भरता नुसतीच बसून राहायचे. दुपारी डोळा लागला की स्वप्नातसुद्धा कोडच लिहायचे. काय सुरेख चालायचं ते! जाग आली की एक ओळ आठवायची नाही. मला हवं होतं ते एवढंच, पुन्हा कोड लिहायचा. पण माझ्या वयाच्या बाईला सगळे हसून विचारायचे, तुम्ही अजून स्वतः लिहिता? जशी काही मी अजून दोरीवरच्या उड्या मारते.

घरमालकिणीला मी मावशी म्हणायचे. दिवसभर दार लावून ही बाई करते काय, याचं त्यांना भारी कुतूहल होतं. इंटरव्ह्यू म्हणजे काय ते सांगताना घोळ मीच घातला. मी म्हणाले, ते लोक मला स्क्रीनवर बघतात, प्रश्न विचारतात, पसंत पडले तर घेतात.

"म्हंजी बघायचा कार्यक्रम," मावशी म्हणाल्या.

तसंच समजा, असं म्हणून मी मोकळी झाले. पहिला इंटरव्ह्यू संपला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. काय म्हणाले, त्यांनी विचारलं. कळवतो म्हणाले, मी सांगितलं.

"म्हंजी न्हाई," मावशी म्हणाल्या आणि गोठ्याकडे निघून गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते खरं होतं. 'कळवतो' हा शब्द मला चांगलाच ठाऊक होता. कॉलेज संपलं तेव्हा आमच्या घरी पाहुणे यायचे. चालून दाखव म्हणायचे, अक्षर दाखव म्हणायचे, आणि निघताना चपला पायात सरकवत बाबांना म्हणायचे, घरी जाऊन कळवतो. एकानेही कळवलं नाही. मग नोकरी लागली आणि मी ते कार्यक्रम बंदच करून टाकले. मला बघून तिथल्या तिथे हो म्हणणारी ती कंपनी पहिली होती. आता पुन्हा तेच चाललं होतं. लिहून दाखवा, विचार करून दाखवा, कळवतो.

पुढचा इंटरव्ह्यू पावसाचे अंदाज सांगणाऱ्या एका छोट्या कंपनीचा होता. ही नोकरी मला मनापासून हवी होती. समोरच्या माणसाने एक गणित घातलं आणि मी लिहू लागले. किती दिवसांनी बोटं अशी चालत होती! खोली, खिडकी, पाणी, सगळं कुठेतरी लांब गेलं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की तो गप्प झालाय.

"मॅडम, तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

मी वळून पाहिलं. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन मावशी स्टुलावर बसल्या होत्या. कधी आल्या कुणास ठाऊक. ऑनलाइन इंटरव्ह्यूत शेजारी माणूस बसलाय म्हणजे तो उत्तरं पुरवतोय, हा सरळ हिशेब. त्याने लॅपटॉप खोलीभर फिरवायला सांगितला. मी फिरवला. खाट दिसली, वाळत घातलेले कपडे दिसले, खिडकीतलं पाणी दिसलं आणि हात जोडून बसलेल्या मावशी दिसल्या.

"पोरगी येकटी कशी बसंल?" त्या त्याला म्हणाल्या. "घरचं मानूस नगं व्हय?"

त्याने उरलेले प्रश्न भराभर संपवले. शेवटी म्हणाला, कळवतो. लाजेने आणि रागाने मला रडू फुटलं. मी मावशींशी बोलणंच सोडलं. त्या चहा खिडकीत ठेवून मुकाट निघून जायच्या.

आणि त्या माणसाचा खरंच फोन आला. कोड फार छान होता, म्हणाला. तुमच्या मावशी कशा आहेत, असंही विचारलं. फक्त एवढ्या अनुभवाच्या माणसाला आम्ही कोड लिहायला बसवत नाही. तुम्ही मॅनेजर म्हणून या. लिहायला मुलं आहेत, तुम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. मग काय, हो ना?

खिडकीबाहेर डोंगर पुन्हा धुक्यात गेला होता. या 'हो'साठी मी इतके महिने जीव टांगून बसले होते. तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"कळवते."

फोन ठेवून मी वळले. मावशी दाराशी चहा घेऊन उभ्या होत्या. न राहवून मीच त्यांना सांगितलं, ते हो म्हणाले, मी कळवते म्हणाले.

"म्हंजी तूच न्हाई म्हनलीस," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि तरी बरं वाटत होतं. मावशींनी कप माझ्या हातात दिला. आता दुसरे कधी येणार बघायला, त्यांनी विचारलं. सोमवारी, मी म्हणाले. त्यांनी स्टूल उचललं, उंबऱ्यापलीकडे नेऊन ठेवलं आणि हाताने पुसलं.

"म्या हितं भाईर बसन," त्या म्हणाल्या. "पर बसन."