आधी पावणा, मग घरचे

मंगळवार पेठेत मृत्युंजयच्या दुकानाची पाटी वाचायची गरज पडत नसे. बंद पडलेला कॉम्प्युटर पोत्यात घालून, सायकलच्या कॅरिअरला बांधून कुणी चाललं की समजायचं, स्वारी तिकडंच निघालीय. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, ओठांत चार स्क्रू आणि हातात धूळ उडवायचा ब्लोअर. ओठांतले स्क्रू न काढता तो गिऱ्हाइकाशी बोलायचा आणि गिऱ्हाइकाला ते कळायचंसुद्धा. "मदरबोर्ड गेला," असं तो म्हणाला की माणसं टोपी काढून मिनिटभर गप्प उभी राहायची.

एवढा मान मिळाल्यावर माणसानं सुखानं जगावं. पण मृत्युंजयच्या पोटात एक दुखणं होतं आणि त्या दुखण्याचं नाव होतं प्रसेनजीत.

प्रसेनजीत कागलचा. पॉलिटेक्निकला तीन वर्षं दोघं एका बाकावर बसले. मृत्युंजयचं सर्किट जोडून होईपर्यंत प्रसेनजीत स्वतःचं जोडून, तपासून, चहा पिऊन परत आलेला असायचा. वर मृत्युंजयची कुठली वायर चुकलीय तेही हळूच, कुणाला न कळू देता दाखवायचा. हे हळूच दाखवणंच मृत्युंजयला जास्त लागायचं. मोठ्यानं हसला असता तर दोन हाणता तरी आल्या असत्या. पुढं तो पुण्याला गेला, आणखी शिकला आणि दोन हजार सहा साली कोल्हापुरातच एका कॉलेजवर शिकवायला आला. यायचं तर खुशाल यावं. पण नेमकं मृत्युंजयच्या धाकट्या बहिणीच्या, प्रेरणाच्या वर्गावर यावं?

त्या दिवसापासून घरात भाकरीबरोबर प्रसेनजीत सरही ताटात पडू लागले. "सर म्हणाले," "सरांनी करून दाखवलं," "सरांस्नी सगळं तोंडपाठ हाय, अण्णा." मृत्युंजयचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

"अहो, आमटी तिखट झाली काय?" बायको शिवलीला विचारायची.

"आमटी बरी हाय," तो म्हणायचा. "दुसरंच कायतर झोंबालंय."

मग लॅपटॉप आला. प्रेरणाला एम.सी.ए.च्या प्रोजेक्टसाठी लिनक्स पाहिजे होतं आणि दुकानातल्या प्रिंटरवर रिपोर्ट छापायला विंडोज. एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, चालू करताना पाहिजे ती निवडायची.

"मी सरांच्याकडं घेऊन जातो," प्रेरणा म्हणाली. "ते बसवून देतो म्हणालेत."

"का? तुझा अण्णा काय वारलाय व्हय?"

"तसं न्हवं. तू लिनक्स कधी बसवलंयस?"

"अगं, लग्नाच्या मांडवात पंगती बसवतोय मी, हे बसवायला काय लागतंय?"

आणि खरोखरच त्यानं मांडवातलाच हिशेब लावला. विंडोज म्हणजे घरचं माणूस. दहा वर्षं रोज हाताखालून जाणारं. लिनक्स मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतनं आलेला पावणा. आपल्यात पहिली पंगत पावण्यांची, घरचे मागनं बसतात. म्हणून त्यानं अर्धी डिस्क रिकामी ठेवून आधी लिनक्स बसवलं. विंडोज काय, घरचंच; बसेल कवाबी. ते बसवायचं दीड महिना राहूनच गेलं. तोवर प्रेरणानं सगळा प्रोजेक्ट लिनक्सवर रचला. बुधवारी परीक्षकांसमोर तोंडी होती. आदल्या रविवारी मृत्युंजयनं उरलेल्या अर्ध्या जागेत विंडोज बसवलं, हात झटकले आणि लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

सरळ विंडोजच उघडलं. निवड नाही, विचारणं नाही, लिनक्सचा मागमूस नाही. घरच्या माणसानं पंगतीला बसताबसता पावण्याचं पान उचलून टाकलं होतं.

सोमवारी सकाळी प्रेरणा दुकानात आली आणि स्क्रीनकडं बघत राहिली.

"अण्णा, माझा प्रोजेक्ट कुठाय?"

"हाय की. थांब जरा."

"दुसरी कॉपी हाय, पण ती पयल्याच आठवड्यातली. अण्णा, खरं सांग. गेला न्हवं?"

"गेला न्हाय म्हणतोय न्हवं!"

"मग सरांस्नी फोन लावतो मी."

"लावून तर बघ!" मृत्युंजय एवढ्या जोरानं ओरडला की शेजारचा पानवाला डोकावला. "तू कॉलेजला जा. संध्याकाळपर्यंत चालू न्हाय झालं तर दुकानाला कुलूप लावतो."

ती गेली, पण जाताना तिचे डोळे भरले होते. आता दोन गोष्टी पणाला लागल्या होत्या: पोरीचा दीड महिना आणि अण्णाचं नाव. खरं सांगायचं तर त्या घडीला मृत्युंजयला दुसरीच जास्त मोठी वाटत होती.

त्यानं माहीत होते तेवढे उपाय केले. लॅपटॉपनं आधी सीडी वाचायची की डिस्क, तो क्रम बदलला. विंडोजची सीडी घालून दुरुस्ती चालवली. त्या दुरुस्तीनं विंडोजचंच आसन आणखी पक्कं केलं. शेवटी डिस्कचा नकाशा उघडला. एका भागावर विंडोज, आणि शेजारी एवढा मोठा भाग, नुसता 'अनोळखी' म्हणून दाखवलेला. त्यावर बटण दाबलं तर एकच सोय निघाली: काढून टाका.

मृत्युंजयच्या डोक्यात एक विचार सळसळला. हे काढून टाकावं, परत नवं लिनक्स बसवावं आणि सांगावं, 'तुमच्या सरांचं लिनक्सच कच्चं, फायली खाल्ल्या त्यानं.' प्रसेनजीतचं नाव एका दमात खाली. बोट माऊसवर गेलं. आणि त्याला दिसलं, नाव कुणाचंही खाली जाईल, दीड महिना जाईल तो प्रेरणाचा. बोट तसंच उचलून त्यानं मोबाइल काढला. प्रसेनजीतचा नंबर त्याच्याकडं होता. कशाला ठेवला होता, ते त्यालाच ठाऊक.

"हॅलो, मृत्युंजय बोलतोय. एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप हाय. आधी लिनक्स बसवलं, मग विंडोज..."

पलीकडनं गिऱ्हाईक कोण, ते विचारणं झालं नाही. मग प्रसेनजीत म्हणाला, "गिऱ्हाइकाला सांग, काय गेलं न्हाय. लिनक्स जाग्यावर हाय. विंडोज दुसऱ्याला विचारत न्हाय, दारावर आपलीच पाटी लावतंय. म्हणून ते आधी बसवायचं असतंय आणि लिनक्स मागनं. लिनक्स दोघांची नावं लावतंय. लिनक्सची सीडी हाय न्हवं?"

"हाय."

"ती घालून त्याच्यावरनंच लॅपटॉप चालू कर. काळी खिडकी उघड. लिही मी सांगतो तसं."

खांद्यात मोबाइल दाबून मृत्युंजय एकेक अक्षर टाइप करत होता. कंस, एच डी झिरो, कॉमा, फोर, कंस पुरा; डिस्कच्या कुठल्या भागात लिनक्स बसलंय, त्याचा हा पत्ता. कपाळावरचं भस्म घामानं नाकावर उतरलं. प्रसेनजीत पॉलिटेक्निकमध्ये बोलायचा तसाच बोलत होता. हळू.

"आता सीडी काढ आणि परत चालू कर."

काळ्या पडद्यावर यादी आली. वर लिनक्स, खाली विंडोज. मृत्युंजयनं एक दाबलं, मग बंद करून दुसरं. दोन्ही उघडली. प्रोजेक्ट होता तिथंच होता.

"झालं?" प्रसेनजीतनं विचारलं.

"झालं," मृत्युंजय म्हणाला. 'उपकार झाले' हे शब्द त्याच्या घशात मासोळीच्या काट्यासारखे आडवे बसले. बाकी त्याच्या घरात मासोळी शिजत नसे; पण काटा कसा असतो, ते त्याला तेवढ्यात कळलं.

संध्याकाळी प्रेरणा लॅपटॉपसमोर नाचायचीच बाकी राहिली. "अण्णा, तू केलास?"

"मग काय शेजारचा पानवाला?"

बुधवारी तोंडी झाली. मृत्युंजय दिवसभर वाट बघत होता, की प्रसेनजीत कॉलेजात सगळं सांगणार, पोरगी हसत येणार आणि आपल्याला एकदाचं मोकळं भांडता येणार. प्रेरणा आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन.

"झक्कास झाली, अण्णा! मी सरांस्नी सांगितलं, लॅपटॉप अण्णानं नीट केला. सर म्हणाले, 'तुझ्या अण्णाचा हात पयल्यापासनं चांगला हाय.'"

"आणि? आणखी काय म्हणाला?"

"आणखी काय न्हाय."

मृत्युंजयच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तो गप्प राहिला! सगळं माहीत असून, फुकट, हसतमुखानं गप्प! हा मोठेपणा त्याच्याच्यानं सोसेना. "त्यानं सांगितलं मला फोनवर," तो एकदम ओरडला. "एकेक अक्षर त्यानंच सांगितलं. मी नुसता बोटं चालवत होतो. कळलं? आणि चूकबी माझीच होती."

प्रेरणा पेढा हातात धरून थांबली. मृत्युंजयला वाटलं, आता निदान ती चिडेल, दोघांवरही सारखीच.

"आणि सर एका शब्दानं बोलले न्हाईत?" तिचे डोळे असे मोठे झाले की मृत्युंजयला पुढचं ऐकायची गरज राहिली नाही. "बघ की अण्णा, केवढा मोठा माणूस!"

ती तशीच बाहेर पळाली, सरांना फोन करायला. मृत्युंजयनं पुडा जवळ ओढला आणि एकापाठोपाठ एक तीन पेढे खाल्ले. चौथा हातात होता तेवढ्यात पोतं सायकलवरून उतरवत एक गिऱ्हाईक दारात आलं.

"काय झालंय बघा की ओ, चालूच होईना."

"पावणं," मृत्युंजय पेढ्यानं भरल्या तोंडानं म्हणाला, "लिनक्स हाय काय त्याच्यात?"

"न्हाय ओ. ते काय असतंय?"

"मग द्या हिकडं," मृत्युंजय म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल झाला.