हेस्टर पार्डोच्या बागेतला बिशप

हेस्टर पार्डोने जुन्या मठातला दगड चोरला, ही बातमी विथीबरीत रविवारच्या जेवणाआधी घरोघर पोचली. म्हणे एकचाकी ढकलगाडीत घातला, वर पोतं टाकलं, आणि तेही भर प्रार्थनेच्या वेळी. पाहिलं कुणी? तर ज्यांनी त्या वेळी चर्चमध्ये असायला हवं होतं, त्या सगळ्यांनी. पबच्या मालकीणबाई मर्टल तर शपथेवर सांगत होत्या.

बातमीत चूक एवढीच, की गाडी मठातून येत नव्हती, मठाकडे चालली होती.

हे कळल्यावर गाव जास्तच घाबरलं. कारण विथीबरीत मठ कुणाच्या घरी नाही? फार पूर्वी राजाने मठ मोडला, घंटा आणि छपराचं शिसं नेलं, आणि उरलेला दगड गावाने सवडीने घरी नेला. पबची शेकोटी मठाची, खाटकाची पायरी मठाची, डुकरांचं खुराडंसुद्धा मठाच्या खांबांवर उभं. पणजोबांनी नेला असेल तर तो वारसा. नवऱ्याने नेला असेल, तर त्याबद्दल बोलायचं नाही. हा गावचा रिवाज. तेव्हा दगड परत करायची खोड कुणाला लागली, तर गावात भिंत उरायची नाही. दुपारीच खाटकाने पायरीवर चटई टाकली.

हेस्टरचा दगड नवऱ्याने नेलेला होता.

तिचं लग्न झालं तेव्हा साखर अजून रेशनवर होती. लग्नाचा केक वरून तीन मजली, आत पुठ्ठा. क्लेमन्टकडे नव्या नवरीला द्यायला काही नव्हतं. एका सकाळी तो शीळ घालत ढकलगाडी घेऊन आला. गाडीत एक दगडी मुंडकं, डोक्यावर उंच टोपी, नाक तुटलेलं.

"सोन्याचं काही जमलं नाही गं," क्लेमन्ट म्हणाला, "बिशप आणलाय."

"मेल्या, आधी परत नेऊन ठेव."

"उद्या नेतो."

तो उद्या क्लेमन्टच्या जन्मात उगवला नाही. बिशप गुलाबांच्या वाफ्यात बसला. किटलीतला उरलेला चहा त्याच्या बुडाशी ओतला जाई. बागेतून घरात शिरताना क्लेमन्ट आपली टोपी बिशपच्या डोक्यावर ठेवी आणि म्हणे, "सांभाळा, महाराज." त्याने शेवटची ठेवली, ती हेस्टरने काढलीच नाही. पावसात ती आकसून बिशपच्या मापाची झाली.

आणि हीच हेस्टर दर शनिवारी पाहुण्यांना गाव दाखवायची. मठात बजावायची, "कशाला हात लावू नका, खडासुद्धा उचलू नका." मग पाणचक्की, मग टेकडीवरचा किल्ला. तिथून सगळं गाव दिसतं. ती एकेका छपराकडे बोट दाखवायची. तिच्या गल्लीबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायची, "तिकडे काही नाही. कोबी लावतात लोक."

आता गुडघे थकले. लेक लीड्सला, वरच्या मजल्यावर राहते, तिथे बाग नाही. घर विकायला काढलं, आणि लंडनहून एक जोडपं बघायला आलं. त्यातल्या बाईंनी बिशपच्या गालावरून हात फिरवला. "हा इथेच राहणार ना? न्हाणीघरात काय शोभेल. टोपीवर साबण ठेवता येईल."

हेस्टरने बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं.

म्हणून तो रविवार. तिने बिशपच्या डोक्यावरची क्लेमन्टची टोपी काढून कोटाच्या खिशात घातली. खाली शेवाळाचं गोल कडं उमटलेलं होतं. फळी लावून, ढकलत, कण्हत तिने त्याला गाडीत चढवलं. गाडी तीच, चाक तेवढं नवं. पाणचक्कीच्या पुलावर ती दम खायला थांबली. याच पुलावरून क्लेमन्ट उलट्या दिशेने आला असणार, तिच्याकडे, शीळ घालत. कुठली शीळ, ते तिला आठवेना. मग तिने मागे वळून पाहिलं नाही.

मठाच्या फाटकावर राखणदार टफनेल अंड्याचं सँडविच खात बसले होते.

"तिकीट, पार्डोबाई. आज शनिवार नाही."

"माझं, की याचं?"

टफनेलनी पोतं उचललं आणि सँडविच खाली ठेवलं. "हा कुठून आणलात?"

"इथूनच."

"इतकी वर्षं तुम्ही माझ्यादेखत लोकांना सांगत होतात, हात लावू नका म्हणून. आणि हा तुमच्या घरी? बाई, ही चोरी आहे. मला वर कळवावं लागेल."

हेस्टरचा हात खिशातल्या टोपीवर होता. तो तिने बाहेर काढला.

"टफनेल, राजाने अख्खा मठ लुटला, त्याची गोष्ट सांगून तुम्ही तिकिटं विकता. माझ्या नवऱ्याने एक मुंडकं नेलं, तर वर कळवणार. कळवा. पण आधी त्या बाजूने धरा, मला एकटीला उचलत नाही."