ताईने तिचं गाणं का नाय केलं?

उज्ज्वला गेल्याचा तिच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मी डोंबिवलीत शिकवणीच्या मुलांना भूप शिकवत होतो. कॅन्सर होता म्हणे, वर्षभर. आदल्याच आठवड्यात कोपरीच्या टपरीवर कटिंग घेताना मी विचारलं होतं, "इतकी का वाळलीस?" तर म्हणाली, "अरे, ॲसिडिटी रे!" आणि वर माझ्याच सुटलेल्या पोटावरून मला चिडवलं. महिना उलटला, पण हे काय होतं ते मला अजून कळत नाही...

कळव्याच्या एका संस्थेत ती मनावर मोठा घाव बसलेल्या मुलांबरोबर गाणी रचायची आणि मी पेटी धरायचो. शब्द मुलांचेच, असा दंडक. ओळ अडली की ती नुसती चाल गुणगुणत थांबायची. एकदा एका मुलाच्या 'आई'ला मी 'अंगाई' जुळवून दिली, तर माझ्यावरच डोळे वटारले. "तुला यमक हवंय, त्याला आई हवीय!" बोलल्याशिवाय मन हलकं होत नाही, हे तिचं पालुपद. आणि स्वतःच्या आजाराबद्दल मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तिथे एक मुलगी आहे, तिला पिंकी म्हणू. इमारत कोसळली त्यात तिचा धाकटा भाऊ गेला. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे, पण गाण्यात त्या दिवशीच्या जिन्यापर्यंत आली होती... 'भाऊ पुढे, मी मागे'. तेवढ्यात उज्ज्वला गेली. गाणं तिथेच राहिलं तर पोर कायमची मिटून जाईल, ही मला धास्ती.

परवा एकटाच गेलो. पोरं भोवती बसली. पेटी उघडतोय तोच पिंकीने विचारलं, "सर, ताई आजारी होती ना? मग तिने तिचं गाणं का नाय केलं?"

"माहीत नाही गं."

"मग मी पण नाय करणार."

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ताई बोलली नाही वगैरे ओठांवर आलं होतं. पण ते खरं असेल का, कोण जाणे. म्हटलं, "मला तिचा राग आलाय." बोलल्यावर लक्षात आलं, खरंच आलाय. आणि तिच्याशिवाय करमतही नाही. दोन्ही एकदम कसं असतं, मला सांगता येणार नाही.

पिंकी पेटीजवळ सरकली. मग म्हणाली, "वाजवा."

मी सूर धरला. ती हळूच गायली, "ताई खोटं बोलली..." आणि माझ्याकडे वळली. "आता तुमची ओळ."

मी भाता हलवत राहिलो. पोरं थांबली होती. कुणीच मला शब्द सुचवला नाही.