कान आधी काढणारा हात

१४ नोव्हेंबर, गुरुवार. हवा कोंदट. सकाळी नळाचं वायसर बदलून घेतलं. सून जेवून कामाला बसली ती चहालाही उठली नाही. धाकटा आज पडद्यावर चित्र काढत होता.

धाकट्या मुलाला जाऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. पण सासूबाईंची ही वही कुणा भ्रमिष्ट म्हातारीची नव्हे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लहानपणी लावलेलं वळण होतं ते: घडलं तेवढंच लिहायचं, आणि शेवट घरातल्या एखाद्या साध्या गोष्टीने करायचा, म्हणजे झोप लागते.

धाकटा चित्रकार होता आणि त्याची बायको चित्रं तपासणारी. लोक एका कंपनीकडे चित्रं सांगून करवून घेत. चित्रकार ती संगणकावर काढत, आणि सोबत काढतानाचं रेकॉर्डिंग पाठवत. चित्र खरंच माणसाने काढलंय की यंत्राने, हे ती घरी बसून ठरवायची. माणूस चुकतो, खोडतो, एकाच भुवईवर अर्धा तास घालवतो आणि शेवटी ती केसांखाली झाकून टाकतो. यंत्र थेट तयार चेहरा समोर ठेवतं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. चित्रकारांनी तिचं नाव ‘खोडरबर’ ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्या दुपारचं चित्र एका चांभाराचं होतं. त्याच्या मुलीने मागणीत लिहिलं होतं, ‘बाबांनी जन्मभर हाताने जोडे शिवले. त्यांचं चित्रही हातानेच झालेलं हवं.’

सुनेने रेकॉर्डिंग लावलं. कोऱ्या पडद्यावर पहिली रेघ उमटली आणि तिचा हात टेबलावर तसाच राहिला. डोळे नाहीत, हनुवटी नाही. नुसता एक डावा कान, तोही नको इतका खाली.

“अगं, चहावर साय धरली की! माझ्या हातचा चहा एवढा का वाईट असतो?” सासूबाई दारातून म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. “हे कोण काढतंय?”

“कुणी नवा आहे, आई.”

“नवा कसला? कान बघ की.”

धाकटा शाळेत असल्यापासून आधी कान काढायचा. कान असला की चेहरा आपलं ऐकतो, म्हणायचा. तो कान हमखास खाली यायचा. मग तो थांबायचा, आईने सांगेपर्यंत.

पडद्यावरची रेघ थांबली होती. सासूबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “खाली आलाय रे. वर घे.”

कान खोडला गेला. वर सरकला.

सुनेने रेकॉर्डिंग थांबवलं. धाकट्याने आपली सगळी रेकॉर्डिंग शिकणाऱ्यांसाठी इंटरनेटवर खुली ठेवली होती. त्यांत आवाज नव्हता. आईचं बोलणं नव्हतं, ती बोलेपर्यंतचं थांबणं मात्र होतं.

तिने चित्रकाराला व्हिडिओ कॉल लावला. “पेन घ्या आणि माझ्यासमोर एक चेहरा काढा.”

त्याने गोल काढला, त्यात डोळ्यांची रेघ मारली.

“आणि कान?”

“शेवटी. कान आधी कोण काढतं, मॅडम?”

“तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये काढलाय.”

त्याने पेन खाली ठेवलं. “हल्ली तेही करून मिळतं, मॅडम,” तो शेवटी म्हणाला. “चुका, खोडाखोड, सगळं. मी फक्त फोटो दिला. यंत्र ते कुठून शिकलं, देव जाणे.”

कॉल बंद झाला. नाकारलेलं काम संध्याकाळच्या आत कायमचं पुसून टाकायचं, आणि त्याची प्रत कुणी ठेवायची नाही, असा कंपनीचा नियम होता. मंजूर केलेलं मात्र कंपनीकडे जपून राहायचं.

“मंजूर म्हण ना गं,” सासूबाई हळूच म्हणाल्या. वहीत पावसाचा शिंतोडाही खोटा न लिहिणारी बाई. “कुणाला कळणार आहे? अधूनमधून बघता तरी येईल.”

“ते त्या मुलीच्या भिंतीवर लागेल, आई. हातानेच झालंय असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?”

सासूबाईंनी खुर्ची ओढली. “बरं. एकदाच लाव.”

पुन्हा कान उमटला. पुन्हा खाली. रेघ थांबली. सासूबाईंनी पदर तोंडावर घट्ट दाबून धरला. एक शब्द काढला नाही.

कान खोडला गेला. वर सरकला.

“बघितलंस?” त्यांचा आवाज कोरडा होता. “मी सांगितल्याशिवाय तो कधी वर घ्यायचा नाही. रडकुंडीला आला तरी नाही. हा आपला नव्हे. पूस.”

रेकॉर्डिंग दर वेळी सारखंच चालतं, हे सुनेला ठाऊक होतं. तिने नकाराचा शेरा लिहिला आणि चित्र पुसलं. सासूबाई कप उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचं काम आपोआप उघडलं. वेगळा चित्रकार, वेगळं गाव, कुणा लहान मुलीचं चित्र. कोऱ्या पडद्यावर एक डावा कान उमटला, नको इतका खाली, आणि रेघ थांबली.

“कुणी आहे का गं अजून?” आतून आवाज आला.

“नाही, आई.” सुनेने पडदा बंद केला. तरी कितीतरी वेळ ती त्या काळ्या काचेपुढून हलली नाही. पलीकडे कुणीतरी अजून वाट बघत असल्यासारखं तिला वाटत राहिलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी वहीत शेवटची ओळ लिहिली: दूध उतू गेलं. शेगडी मीच पुसली.