समुद्राकाठची मोरी

कॅनडातल्या बर्नाबीहून निघालो तेव्हा बाबा गाडीत मागे बसले होते. त्यांचं पुढच्या आठवड्याचं नागपूरचं तिकीट काढून झालं होतं आणि "आता पुन्हा येणं नाही," असं त्यांनी जाहीरही केलं होतं. कारण ऐकाल तर हसाल. अंघोळ! आमच्या कॉन्डोच्या वॉशरूममध्ये टब सोडला तर पाणी जायला वाटच नाही. बाबा एकदा बादली-तांब्या घेऊन खाली बसले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंचं छत गळायला लागलं. टबात बसा म्हटलं, तर "साचलेल्या पाण्यात म्हशी बसतात." आई गेल्यापासून मला ते इथे जवळ हवेत आणि हा माणूस मोरीपायी देश सोडून निघाला होता.

मी आणि माझा नवरा समीर दोघंही घरून काम करतो, म्हणून समुद्राजवळचं एक घर बघायला बेटावर निघालो होतो. 'जपानी पद्धतीचं, नव्यानं दुरुस्त केलेलं,' अशी जाहिरात होती.

फेरीबोटीच्या डेकवर मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. एका सीगलनं समीरच्या हातातली पुरी अलगद उचलली. "याले लोणचं पण दे," बाबा म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदाच हसले.

घर देवदाराच्या लाकडाचं, मागच्या अंगणातून थेट समुद्र. मालकीणबाई मिचिको, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे आजोबा इथे होड्या बांधत. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा सरकारनं जपानी लोकांना हा किनारा सोडायला लावला, घरंही गेली. पुढे वडील परत आले आणि हे घर बांधलं. नवं छप्पर आणि हीटिंग बाईंच्या मुलानं करून घेतलं होतं.

कोणी सांगायच्या आत बाबांनी बूट काढले आणि तातामीवर (गवताच्या जाड चटईवर) मांडी ठोकली. बिनसाखरेचा हिरवा चहा त्यांनी काढ्यासारखा संपवला. सोबत तांदळाच्या पिठीचे, गोड सारणाचे गोळे होते, मोदकाचे चुलतभाऊच.

मग मिचिकोबाईंनी ओफुरो (न्हाणीघर) दाखवलं. बुटकं स्टूल, लाकडी बादली, उताराची जमीन, कोपऱ्यात पाणी जायला जाळी. बाजूला खोल लाकडी टब, वाफाळत्या पाण्यानं भरलेला.

"अवं, ही तर मोरी आहे!" बाबा म्हणाले. "विचार ना बाईले, अंघोळ करू का?"

घर बघायला येऊन अंघोळ! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विचारलं. बाईंनी हसून टॉवेल दिला.

आतून धबाधबा पाण्याचा आवाज येत राहिला. बाबा भांग पाडून बाहेर आले. बाई आत डोकावल्या आणि थबकल्या. टब जवळजवळ रिकामा. बाबांनी बादली भरभरून तेच पाणी अंगावर घेतलं होतं.

"अंग टबाबाहेर नळाच्या पाण्यानं धुवायचं," बाई हळूच म्हणाल्या. "टबात नंतर नुसतं बसायचं. एकच पाणी सगळ्या घराला पुरतं. हे मी माझ्यासाठी तापवलं होतं. मी राहायला जाणार त्या गावातल्या नव्या अपार्टमेंटमध्ये फक्त शॉवर आहे."

मी सॉरी सॉरी म्हणत राहिले. तेवढ्यात बाई हसत सुटल्या, हसता हसता खालीच बसल्या. "येणारा प्रत्येकजण विचारतो, हे फोडून शॉवर बसवता येईल का? वापरलं यांनीच. तेही सगळं!"

त्यांनी नळ पुन्हा सोडला आणि टब भरल्यावर बाबांना आत बसायला लावलं. दारामागून आवाज आला, "आहाहा! म्हशीले अक्कल आहे रे बाप्पा."

निघताना बाई म्हणाल्या, "घर कोणीही घेवो, शनिवारी मी इथे अंघोळीला येणार. एवढी एकच अट आहे."

"आम्हाला कबूल," समीर माझ्याकडे न बघताच म्हणाला.

"मग ऑफर पाठवा. मी वाट बघते."

परतीच्या फेरीबोटीवर बाबा बराच वेळ मागे सरकणाऱ्या किनाऱ्याकडे बघत होते. केस अजून ओले होते.

"ते तिकीट कॅन्सल होते का?"

मी लगेच फोन काढला. "होतं बाबा. पण घर अजून आपलं झालं नाही."

"घराचं तुम्ही पाहा. मी बाईले सांगून आलो, 'शनिवारी पहिला नंबर तुमचा.' मी पाणी संपवणार नाही."