पंच वहिनी आणि चार कोरे टायर

आमची आम्रपालीवहिनी पोलादपूरच्या एका कचेरीत कारकून आहे. बाई सरळ, पण इतकी सरळ की राग येतो! विहारात खीर वाटायला उभी राहिली की सगळ्या वाडीला पळी भरभरून वाढणार, आणि आम्ही पुढे सरकलो की, "भाऊजी, मागे व्हा. घरचे शेवटी." शेवटी काय मिळतं? पातेल्याची खरवड. म्हणून कुडपणच्या पठारावर भातकापणीनंतर जीपच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा पंच कोण, यावर वादच झाला नाही. माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचाच नवरा धम्मपाल, त्याच शर्यतीत उतरणार होता, तरी कुणी हरकत घेतली नाही. उलट लोक हसले. "धम्मपालचं काय खरं नाय," म्हणाले.

यंदा पहिलं बक्षीस होतं चार कोरे टायर. दादा पोलादपूरहून पठारावर प्रवासी जीप चालवतो, आणि त्या जीपचे टायर घासून इतके गुळगुळीत झालेत की वळणावर ब्रेक दाबला की मागच्या म्हाताऱ्या देवाचं नाव घेतात. दादाला ते बक्षीस हवं होतं, वहिनीला त्याहून जास्त. रोज संध्याकाळी तो घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला. शर्यतीपुरते मी चार-चार टायरचे दोन संच मित्राकडून मागून आणले.

दोन संच का, तर सकाळी पठारावर दव असतं, माती निसरडी असते. तेव्हा खोल नक्षीचा टायर माती धरून चालतो. ऊन चढलं की जमीन टणक होते, आणि तोच टायर तापून घसरायला लागतो, नक्षीचे तुकडे उडतात. मग साधे टायर चढवायचे. त्यात जाणारा वेळ ज्याचा त्याने सोसायचा, घड्याळ चालूच राहतं.

शर्यत सुटली तेव्हापासून दादा पुढे होता. ऊन तापलं तसे आम्ही थांबलो आणि घामाघूम होऊन चारही टायर बदलले. तेवढ्यात महाडच्या हार्डवेअरवाल्यांचा अवधूत भुर्रकन पुढे गेला. जाऊ दे म्हटलं! त्याची गाडी घसरत होती, त्यालाही थांबावंच लागणार होतं. आणि नेमक्या तेव्हाच वाडीतल्या गोमाजीच्या म्हशी शर्यतीच्या वाटेत शिरल्या. वहिनीने लाल फडकं दाखवलं. गाड्या जागच्या जागी थांबल्या, घड्याळही थांबलं.

अवधूत उतरून सरळ वहिनीकडे गेला. "ताई, थांबलोच आहोत, तर टायर बदलू का?"

मी ओरडलोच. "वा रे वा! आम्ही आमचा वेळ घालवला, आणि याला फुकट?"

"आम्रपाली, नाय म्हन गो," दादा म्हणाला. "हे काय बरोबर नाय."

वहिनीने दादाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. "थांबलेल्या गाडीबद्दल नियमात काही नाही," ती म्हणाली. "बदल, अवधूत."

म्हशी काय, निवांत गेल्या. अवधूतचे टायर चढले, गाडी सुटली, आणि चार कोरे टायर महाडला गेले.

मागून आणलेले टायर उतरवून आम्ही आमचे गुळगुळीत टायर पुन्हा लावले आणि घाट उतरू लागलो. दादा जपून चालवत होता. मी तर मागे बसून नुसता धुमसत होतो.

"अहो," वहिनी म्हणाली, "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर मी अवधूतला टायरला हात लावू दिला नसता. ते चूकच होतं. पण तुम्ही पडलात माझा नवरा."

दादाने गाडीच थांबवली. "म्हंजे मी तुजा नवरा हाय म्हनून हरलो?"

"हो."

दादाने हँडब्रेक ओढला. "बरं. पुढल्या वर्षी गाडी तू चालव. मी पंच होतो."

"आणि माझ्यावर असाच प्रसंग आला, तर माझ्या बाजूने बोलाल?"

दादाने खरंच विचार केला. मग मान हलवली. "नाय गो. लोक काय म्हनतील?"

"म्हणजे आपल्या घरात नवे टायर कधी यायचेच नाहीत!" मी मागून किंचाळलो.

दोघंही हसत सुटले. मला मात्र हसू येईना. अर्धा घाट अजून उतरायचा होता.